दहा थाउ, वीस थाउ, तीस थाउ

जुन्या गाडीचं इंजिन घरी बांधायला काढलंय असं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती खर्च आला?" आकडा सांगायला माझी ना नाही. घरात तो एकदा सांगून झालाय आणि त्यावर जे ऐकून घ्यायचं तेही घेऊन झालंय. पण इंजिनाच्या कामात चूक झाली तर तिची खरी किंमत रुपयांत निघत नाही, थाउमध्ये निघते.

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा साधारण चाळिसावा. देशात मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली तरी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या टर्नरच्या, म्हणजे लेथवर धातू कापणाऱ्याच्या, तोंडी अजून थाउच आहे. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, आणि जर्नल म्हणजे त्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. त्या जर्नलवर ओरखडे पडले की ती ग्राइंड करून गुळगुळीत करतात. त्यात दहा थाउ धातू जातो आणि त्या मापाचं जाड बेअरिंग घालून फट पूर्ववत करतात. पुन्हा खराब झाली की वीस. मग तीस. त्यापुढे बहुतेक क्रँकना बाजारात बेअरिंगच मिळत नाही, आणि मिळालं तरी टर्नर नाक मुरडतो. सिलिंडरचं याच्या उलट. तिथे बोअर, म्हणजे आतला व्यास, मोठा होत जातो, पिस्टन जाड होत जातो आणि दोन सिलिंडरांमधली भिंत पातळ होत जाते. म्हणजे ज्या दिवशी कारखान्यात ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा, ओतला गेला त्याच दिवशी पुढे त्यात किती चुका मावणार हे ठरून गेलेलं असतं. पैसे गेले तर पुढच्या दिवाळीपर्यंत जमतात. घासून गेलेले दहा थाउ कोण आणून देणार?

माझ्याकडे पद्मिनी आहे. प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाटच्या गाड्या होऊ लागल्या. १९६४ पासून ११०० डिलाइट, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव झालं पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ती सगळ्यांनी पाहिली आहे. तिथल्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी तिचं बॉनेट उघडलं नाही त्यांनीही हळहळ व्यक्त केली. आम्हा उघडणाऱ्यांना मात्र तेव्हा चिंता होती ती पार्ट्सची.

घरी इंजिन बांधून बघायचं असेल तर पद्मिनीइतकी सोयीची गाडी नाही, असं लोक सांगतात आणि ते खरंही आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला), क्रँकला फक्त तीन मेन बेअरिंग. खाली लोखंडी ब्लॉक, वर सिलिंडर झाकणारं अल्युमिनियमचं हेड. एकही सेन्सर नाही. बॉनेट उघडून वाकलं की इंजिनाच्या कडेने खालचा डांबरी रस्ता दिसतो, एवढी मोकळी जागा. फसगत इथेच होते. उघडायला जे सोपं, ते बांधायलाही सोपंच असणार असं आपण धरून चालतो. दोन-चार पाने, एक पान्ह्यांचा बॉक्स, मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ आणि दोन सुट्ट्या एवढ्यावर इंजिन अंगणात येतं. तिथून पुढचं काम पान्ह्यांचं नसतंच.

हेड उतरवलं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा जाड थर होता. तो लाकडी पट्टीने खरवडला तर खालून ओव्हरसाइजचा, म्हणजे मूळ मापापेक्षा पिस्टन किती जाड त्याचा, आकडा उमटला. बाजारात मिळणाऱ्या शेवटच्या मापाचा. म्हणजे माझ्या आधी ही गाडी ज्यांच्याकडे होती त्यांनी, किंवा त्यांच्या मिस्त्रींनी, या ब्लॉकमधल्या सगळ्या संधी वापरून टाकल्या होत्या. रेडिएटरमधलं पाणी संपलेलं कळलं नाही म्हणून एक, एअर फिल्टर न लावता चालवली म्हणून दुसरी, असं काहीतरी. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्या आकड्याकडे बघून पहिल्यांदा कळलं की आपण कोऱ्या पाटीवर काही लिहीत नाही आहोत.

शेवटचं माप संपलेल्या ब्लॉकला एक वाट असते. सिलिंडर आणखी मोठा करून त्यात लोखंडी लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर, दाबून बसवायचा आणि तो पुन्हा आतून कापून कारखान्याच्या मूळ मापाला आणायचा. काम खर्चिक आहे, पण इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो. भंगारातून दुसरा ब्लॉक आणला की आरटीओत जाऊन आरसी बुकात तो नंबर चढवून घ्यायचा आला, आणि त्या ब्लॉकचे कागद नसले तर आणखीच पंचाईत. म्हणून लायनर. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं झालं.

क्रँकच्या बाबतीत तेवढं शहाणपण सुचलं नाही. ती आधीच दहा थाउ खाली होती आणि जर्नलवर नख फिरवलं तर अडकत होतं. मी ती घेऊन थेट ग्राइंडिंगला गेलो. वीसला काढून द्या म्हटलं, त्यांनी दिली. चकचकीत क्रँक गोणपाटात गुंडाळून घरी आणली, दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली, आणि मग बेअरिंग शोधायला निघालो. वीस थाउचा सेट कोल्हापुरात नव्हता. पुण्यात नाना पेठेत नव्हता. कुर्ल्याला एका ओळखीच्याला धाडलं, तिथेही स्टँडर्ड होतं, दहा होतं, तीस होतं. वीस तेवढं नव्हतं. चालू गाडीचं वीस केव्हाही मिळतं, पण जिचं उत्पादन थांबून वीस-पंचवीस वर्षं झाली तिच्या बाबतीत मधलंच एखादं माप सगळ्या देशातून संपलेलं असू शकतं.

क्रँक परत टर्नरकडे नेली. वयस्कर माणूस, चष्म्याला दोरी, शर्टाच्या खिशात मायक्रोमीटर पेनासारखा खोचलेला. त्यांनी आधी क्रँक जाड फळीवर ठेवून कापडाने पुसली. मायक्रोमीटरचे जबडे पुसले. मग प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी मापली, तीच काटकोनात फिरवून पुन्हा दोनदा, आणि आकडे खडूने भिंतीवर लिहिले. मला वाटलं, गोल वस्तू चारदा मापायची काय गरज? तर वापरलेली जर्नल गोल राहिलेली नसते. पिस्टनचा दणका एकाच बाजूला बसून बसून जर्नल लंबगोल होते. एकदाच मापलं तर आपल्याला हवं ते माप मिळून जातं. माझ्याकडे घरी व्हर्नियर होता आणि मी त्याच्यावर विसंबून होतो. जिथे हिशेब एका-दोन थाउचा तिथे व्हर्नियर काढणं म्हणजे नुसती मनाची समजूत.

भिंतीवरचे आकडे बघत ते म्हणाले, "चांगली हाय की. परत का आणलासा?"

मी बेअरिंगचं सांगितलं. त्यांनी मायक्रोमीटर खिशात टाकला.

"आधी माल हातात घ्यायचा, मग दगड लावायचा. पिस्टन आणा, मग बोअर. बेअरिंग आणा, मग क्रँक. तुमी उलटं केलासा."

एवढंच. ते त्यांनी पहिल्या दिवशी का सांगितलं नाही असा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. पण पहिल्या दिवशी मी ज्या थाटात "वीसला काढा" म्हणालो होतो, त्यावरून त्यांना वाटलं असणार की सेट याच्या घरी पडलेला आहे. क्रँक तीसला गेली. एक किलोमीटरही न धावता दहा थाउ गेले. ग्राइंडिंगची मजुरी दुप्पट झाली हे त्यामानाने काहीच नाही.

मापाचं एवढ्यासाठी सांगतोय की पिस्टनलाही तेच लागू आहे. पिस्टन एकाच मापाचे म्हणून विकले तरी तंतोतंत सारखे नसतात. शहाणा टर्नर प्रत्येक पिस्टन मापतो आणि ज्या सिलिंडरमध्ये तो जायचा त्याला जोडीनेच बोअर करतो. मग पिस्टनवर नंबर टाकून देतो. घरी आल्यावर ते चारही पिस्टन एकाच टबात रॉकेलने धुऊन नंबर घालवू नयेत. (हे मी केलेलं नाही, पण करताना एकाला पाहिलंय. जाहीर सांगणार नाही, मित्र आहे.)

आता इंजिनातल्या चुका दोन जातींच्या असतात. एक बोंब मारणारी आणि दुसरी गप्प बसणारी. पहिल्या जातीची मला आता भीती वाटत नाही. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा उलटा बसला तर पद्मिनी सुरू होत नाही. कार्ब्युरेटरमधून भडका मारते आणि सायलेन्सरमधून असा बार काढते की गल्लीतली पोरं गोळा होतात. चार वायरी १-३-४-२ च्या क्रमाने पुन्हा लावल्या की प्रकरण मिटतं. रेडिएटरचा पाइप सैल राहिला, पाणी गळतं, दिसतं. अशा चुकीत इज्जत जाते, धातू जात नाही. दुसऱ्या जातीची चूक इंजिन आपल्या पोटात झाकून घेतं, पहिल्या सेल्फला सुरू होतं, सुरेख आयडलिंग करतं, आपण पेढे वाटतो.

माझ्या इंजिनाने पेढे वाटू दिले.

लायनर बोअर करून झाल्यावर त्यांना होनिंग करतात. घासणाऱ्या दगडांचं हत्यार फिरवून भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा काढतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा भिंतीशी जुळतात. या कामात दगडाची कणी आणि लोखंडाचा भुगा त्याच रेघांत जाऊन बसतो. ब्लॉक घरी आणला, मी तो रॉकेलने धुतला, मग पेट्रोलने धुतला, कंप्रेसरची हवा मारली. आरशासारखा दिसत होता. गॅरेजवाले असंच करतात, मीही केलं. तेवढ्यावर भागत नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल चिकट ऑइल पातळ करतात आणि वाहून नेतात. कणी जिथल्या तिथे राहते. ती उचलून बाहेर काढायला गरम पाणी, साबण आणि घासायला ब्रश लागतो. इंजिनाला पाणी लावायचं ही कल्पनाच मनाला पटत नाही, म्हणून हे काम राहतं.

क्रँकचंही तसंच. क्रँकच्या पोटातून ऑइलच्या वाटा गेलेल्या असतात. ग्राइंडिंगच्या वेळी दगडाचा गाळ त्या वाटांच्या तोंडातून आत शिरतो. तार घालून, ब्रश घालून, प्लग असतील तर ते काढून त्या धुवाव्या लागतात. मी बाहेरून पुसल्या होत्या.

काही शे किलोमीटर गाडी छान चालली. मग पन्हाळ्याच्या चढाला खालून एक जड, मंद ठोका ऐकू यायला लागला. ॲक्सिलरेटर सोडला की कमी, दाबला की जास्त. उतरून आयडलिंगला उभी केली तर ऑइलचा दिवा मिणमिणत होता. आमच्या गल्लीत एक जुने मिस्त्री राहतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते आले, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं.

"बंद करा. आता सेल्फ मारू नका."

इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. तळाच्या ऑइलात चंदेरी झाक फिरत होती. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची, म्हणजे बिग एंडची, बेअरिंगं काढली तर त्यांचा मऊ राखाडी थर गोल गोल रेघांनी भरून गेला होता आणि मधोमध तांब्याचा रंग वर आला होता. मला वाटलं, ठीक आहे, बेअरिंग गेलं, नवं घालू. मामांनी क्रँककडे बोट दाखवलं. तिच्यावर रेघा जास्त खोल होत्या. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. बेअरिंग मऊ, क्रँक कडक. मग झिजायला हवं मऊ. पण कणी मऊ धातूत रुतून बसते, तिथे घट्ट पकडली जाते, आणि समोरून फिरणाऱ्या कडक धातूला कापत राहते. कारखान्यात लॅपिंग, म्हणजे कणीने धातू घासणं, याच तत्त्वावर करतात, तिथे मात्र मुद्दाम. मी माझी तीस थाउची क्रँक पन्हाळ्यापर्यंत लॅप करत नेली होती. साबणाची एक वडी वाचवून.

तीसच्या पुढे काही नव्हतं. ती क्रँक आता कपाटाखाली पडून आहे. दुसरी भंगारात मिळाली, दहा थाउवर, आणि सुदैवाने दहाचा सेट होता. हातात घेऊन मगच टर्नरकडे गेलो, त्यांनी काही न बोलता चहा मागवला.

लायनर मात्र वाचले होते, पुन्हा हलकं होनिंग करून घेण्यावर निभावलं. या वेळी ब्लॉक अंगणात तीन विटांवर ठेवला. बंबातलं कढत पाणी, कपड्याचा साबण, बाटल्या धुवायचा ब्रश. फेस आधी काळा आला, मग राखाडी, मग पांढरा. प्रत्येक सिलिंडर, प्रत्येक वाट. वाळवून लगेच पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर पातळ ऑइल घेऊन भिंतीवरून फिरवलं, आणि एवढ्या साबणानंतरही कापडावर राखाडी पट्टा उमटला. परत साबण. कापड पांढरं बाहेर येईपर्यंत हे चालतं. मधे फोन आला म्हणून पाच-दहा मिनिटं गेलो, तर न पुसलेल्या चौथ्या सिलिंडरवर तांबूस छटा धरायला लागली होती. साफ झालेलं ओतीव लोखंड किती भुकेलं असतं ते पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरात बघावं. म्हणून ऑइल हाताशी ठेवायचं आणि एकेक सिलिंडर संपवत जायचं.

बाकीच्या गप्प चुका थोडक्यात सांगतो, कारण त्यांची यादी न संपणारी आहे. कनेक्टिंग रॉडची कॅप, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाचा सुटा अर्धा भाग, ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच बाजूने लागते. दोन्ही एकत्र बोल्ट करूनच ते भोक कारखान्यात कापलेलं असतं. एका जात्याची तळी आणि दुसऱ्याची पाळी घेऊन दळायला बसलं तर जे होईल तेच अदलाबदल केल्यावर होतं. फिरतं, पण पीठ पडत नाही. कॅप उतरवण्याआधी नंबर आहेत का बघावे, नसतील तर पंचने टिंब मारावे. पिस्टनच्या रिंगांवर बारीक खूण असते, ती वर. दुसरी रिंग बहुतेकदा किंचित उतरती असते आणि भिंतीवरचं ऑइल खाली खरवडायचं तिचं काम. ती उलटी गेली तर तेच ऑइल वर ढकलते, आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून निळा धूर मारतं. रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पात्यांनी, बघायची. ढोबळ हिशेब एका इंच बोअरला चार थाउ, म्हणजे पद्मिनीला दहा-अकरा. फट थोडी जास्त झाली तर थोडं कॉम्प्रेशन जाईल. फटच नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर फाडते.

पॅकिंगच्या जागी ट्यूबमधलं सिलिकॉन भरभरून लावण्याचा आपल्याकडे जो प्रघात पडलाय त्याबद्दल मला खरोखर चीड आहे. बाहेर ओघळलेलं आपण बोटाने पुसतो. तितकंच आतही ओघळलेलं असतं. ते वाळून तुटतं, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन चिकटतं आणि इंजिन ऑइलवाचून मरतं. ट्यूबची किंमत आणि इंजिनाची किंमत एकदा शेजारी लिहून बघा.

आणि आटे. पद्मिनी फियाटची लेक, तिचे आटे मेट्रिक. तिच्या काळातली ॲम्बेसेडर इंग्रजी घराण्यातली, तिचे इंचाचे. जुन्या गॅरेजात दोन्हींचे बोल्ट एकाच डब्यात असतात. त्यातून मेट्रिकमध्येसुद्धा १० मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ चा आटा असतो आणि १.५ चाही. लोखंडात चुकीचा बोल्ट दोन आट्यांनंतर अडतो आणि सांगतो. अल्युमिनियमात तो अडत नाही, आपले आटे पाडत आत जातो. बोल्ट हाताने, पान्ह्याशिवाय, चार आटे जात नसेल तर तो बोल्ट त्या भोकाचा नाही. ब्लॉकमधल्या ज्या भोकांना तळ बंद असतो त्यात ऑइल किंवा पाणी साचलं असेल तर हवेने उडवून कोरडी करायची. द्रव दबत नाही, बोल्ट आवळत गेलं की ब्लॉकला चीर जाते. हे मामांनी वेळेवर सांगितलं म्हणून माझा ब्लॉक शाबूत आहे.

दुसऱ्यांदा बांधताना मी एकच धोरण ठेवलं. आपण चुकणार हे धरून चालायचं, फक्त चूक झाकली जायच्या आत दिसली पाहिजे. एक कॅप आवळायची, क्रँक हाताने फिरवायची. दुसरी आवळायची, फिरवायची. तिसरीला जड झाली तर तिसरीतच काहीतरी आहे, सगळं उलगडायची गरज नाही. सगळ्या कॅपा एकदम आवळून मग फिरवणारा माणूस घाईत असतो किंवा फार अनुभवी असतो. प्रत्येक बेअरिंगमध्ये प्लॅस्टिगेजचा मेणचट धागा ठेवून कॅप आवळायची, उघडायची, धागा किती चपटा झाला ते पट्टीवर मापायचं. फट किती राहिली ते थाउमध्ये कळतं. व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवल्यावर हेड उलटं ठेवून खळग्यात पेट्रोल ओतायचं आणि पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, ओल येते का बघायची. ऑइल पंप कोरडा लावायचा नाही, ऑइल भरून लावायचा. सुरू करण्याआधी प्लग काढून, इग्निशन तोडून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारायचा. पहिल्या तासाभरानंतर ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवायचं. यातलं एकही काम अवघड नाही आणि एकाचीही बाजारात मजुरी मिळत नाही. म्हणूनच ती बाजारात होत नाहीत.

हेड आवळायला मी टॉर्क पाना, ठरलेल्या जोराला टक् करणारा, घेतला होता. मामा कॉटच्या कडेला बसून बघत होते. मधून बाहेर, गोल गोल, तीन टप्प्यांत, इंजिन थंड असताना. अल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे हेड आणि ब्लॉक दर वेळी एकमेकांवर सरकत असतात आणि मधलं गॅस्केट सोसत असतं. पान्ह्याने टक् केलं की मी थांबत होतो.

"मामा, तुम्ही टॉर्क पाना कधी वापरला नाहीत?"

"हाताला कळतं."

कळतं, यात शंका नाही. मी नंतर त्यांच्या हाताने आवळलेला एक बोल्ट पान्ह्यावर तपासून बघितला, फरक किरकोळ होता. पण तो हात तयार होताना तुटलेले स्टड लोकांच्या गाड्यांमधले होते. पन्नास वर्षांत शेकडो इंजिनांवर त्यांच्या चुका वाटल्या गेल्या, प्रत्येक गाडीच्या वाट्याला थोडी. घरी एकच इंजिन बांधणाऱ्याच्या सगळ्या चुका त्या एकाच इंजिनाच्या वाट्याला येतात. त्यामुळे स्वतः बांधलं की स्वस्त पडतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला गॅरेजमध्ये दिलेल्यापेक्षा बरंच महाग पडलं आहे. गॅरेजमध्ये दिलं असतं तर मात्र ती तीस थाउची क्रँक कशाने गेली हे मला कधीच कळलं नसतं. "डुप्लिकेट बेअरिंग निघालं साहेब" एवढं ऐकून मी पैसे भरले असते.

रनिंगमध्येही, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन रुळवण्यातही, एक गंमत आहे. नव्या इंजिनाला जपायचं म्हणून तासन् तास आयडलिंगवर ठेवलं तर सिलिंडरच्या भिंतीवर काचेसारखी चकाकी धरते आणि रिंगा पुढे कधीच नीट बसत नाहीत. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमशाफ्ट, आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हकडे नेतो तो टॅपेट. जुन्या पद्धतीच्या टॅपेटच्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट असेल तर पहिली वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायची, कारण कॅमला ऑइल उडूनच मिळतं. मग रस्त्यावर काढून थोडा भार द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. गाडीला या काळात लाड नको असतात.

इंजिन सध्या चालू आहे. ऑइल थोडं खातं, पण धूर नाही. एक टॅपेट वाजतो, तिसऱ्या सिलिंडरचा, टिकटिक करत. मला तो आवाज सहन होत नव्हता. फिलर गेज काढून बसलो तर मामांनी ते हातातून घेतलं आणि पाती मिटवून परत दिलं. सैल टॅपेट वाजतो, आणखी फारसं काही करत नाही. टाइट टॅपेट वाजत नाही. तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसू देत नाही आणि हळूहळू जाळतो. थंड इंजिनावर आधी चारही सिलिंडरचे टॅपेट मापा, म्हणाले, न वाजणारे आधी. त्यातला पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट खरंच टाइट निघाला. तो नीट केला. तिसऱ्याचा अजून वाजतोय. त्याच्यासाठी कव्हर पुन्हा उघडावं लागेल आणि कॉर्कचं नवं पॅकिंग लागेल. ते आधी आणून ठेवलंय.